ड्रॅगन टेबलवर आणायचाय? मग आधी एकच ड्रॅगन निवडा

डंजन्स अँड ड्रॅगन्स (डीअँडडी) या टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिकांच्या खेळात मी डीएम, म्हणजे गोष्ट आणि राक्षस चालवणारा, म्हणून आणलेला पहिला ड्रॅगन तिसऱ्या राऊंडला मेला. काळा ड्रॅगन होता, दलदलीत राहणारा, आणि त्याच्यासाठी मी वहीची अकरा पानं भरली होती, त्याची आई कोण, त्याने कुठलं राज्य बुडवलं, त्याच्या डाव्या शिंगाला तडा कसा गेला, सगळं. प्लेअर आत शिरले, ड्रॅगन जमिनीवर उभा, फायटर आणि पॅलडिन ही दोन लढवय्यी पात्रं दोन बाजूंनी भिडली आणि खेळ खल्लास. नंतर खजिना मोजता मोजता एकाने विचारलं, "ह्याचं नाव काय होतं रे?" अकरा पानांतलं तेवढंच कामाला आलं.

तेव्हापासून मी एक गोष्ट धरून बसलोय की ड्रॅगनबद्दल तुम्ही जे काही वाचता, ज्याला सगळे लोर लोर म्हणतात, त्याने टेबलवर काहीतरी घडलं पाहिजे. कुणाचा तरी निर्णय बदलला पाहिजे, कुणीतरी घाबरलं पाहिजे, नाहीतर चिडलं तरी पाहिजे. नुसतं डीएमच्या वहीत पडून राहिलेलं लोर म्हणजे डीएमचा स्वाध्याय, दुसरं काही नाही. तर नवीन लोकांसाठी हे सगळं मी ज्या क्रमाने करतो त्याच क्रमाने लिहितोय, मी उलट्या क्रमाने शिकलो ते तुम्ही करू नका.

एक: कुठला गेम, कुठली एडिशन

हे कंटाळवाणं काम आहे पण आधी उरका. कारण "अडल्ट रेड ड्रॅगन" हे शब्द तेच राहतात आणि आकडे प्रत्येक एडिशनमध्ये बदलतात, नवीन माणूस एका एडिशनचा सल्ला वाचतो आणि दुसरीत वापरतो आणि मग गोंधळ.

थोडा इतिहास इथेच सांगून टाकतो म्हणजे पुढे नावं आली की दचकायला नको. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा मूळ डंजन्स अँड ड्रॅगन्स आला त्यात ड्रॅगन सहाच होते: पांढरा, काळा, हिरवा, निळा, लाल आणि सोनेरी. पुढच्याच वर्षी ग्रेहॉक नावाच्या पुरवणीत पितळी, तांब्याचा, ब्राँझचा आणि चांदीचा असे चार वाढले आणि सोबत ड्रॅगनांचा एक प्लॅटिनम राजा आणि पाच डोक्यांची राणी आली. १९७७ च्या मॉन्स्टर मॅन्युअलपासून, म्हणजे राक्षसांच्या पुस्तकापासून, ती दोघं बहामट आणि टियामॅट या नावांनी ओळखली जातात. गंमत म्हणजे नावं दोन्ही उसनी आहेत. टियामॅट ही बाबिलोनच्या पुराणातली आदिम समुद्राची देवी, आणि बहामट म्हणजे अरबी विश्वकल्पनेतला जग पेलून धरणारा महाकाय मासा. मासा! त्याचा भला ड्रॅगनदेव कसा झाला ते गायगॅक्सलाच ठाऊक, पण म्हणून सांगतो, तुम्ही पण बिनधास्त उचला आणि बदला, ही परंपराच आहे.

वयाच्या बाबतीत तर फारच गल्लत होते. पहिल्या ॲडव्हान्स्ड एडिशनमध्ये ड्रॅगनच्या वयाच्या आठ पायऱ्या होत्या, दुसरी आणि तिसरी एडिशन बारा पायऱ्या, आणि पाचव्या एडिशनमध्ये सरळ चार: वर्मलिंग, यंग, अडल्ट, एन्शंट. म्हणजे कुठे "मॅच्युअर अडल्ट" किंवा "व्हेनरेबल" असं वाचलंत तर समजा की ते जुनं आहे, पाचवीच्या स्टॅट ब्लॉकवर, म्हणजे ड्रॅगनचे सगळे आकडे असतात त्या चौकटीवर, ते चिकटवायला जाऊ नका. मी इथून पुढे पाचवी एडिशन धरून बोलणारे, तीसुद्धा २०१४ ची, कारण अजून बऱ्याच जणांच्या हातात तीच असते. २०२४ चे सुधारलेले नियम आणि त्यांचं २०२५ मध्ये आलेलं मॉन्स्टर मॅन्युअल वापरत असाल तर ड्रॅगन तेच आहेत, फक्त काही यंत्रणा बदलल्यात, त्या जागी जागी सांगतो.

दोन: फुकटचं आधी

पुस्तक विकत घेण्याआधी सिस्टम रेफरन्स डॉक्युमेंट उतरवून घ्या, एसआरडी म्हणतात त्याला. ५.१ वालं जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुलं आहे, आणि त्यात दहाही ड्रॅगन चारही वयांत आहेत, म्हणजे चाळीस स्टॅट ब्लॉक एक दमडी न देता. त्यात आकडे मिळतात, गोष्टी मिळत नाहीत. पण पहिल्या ड्रॅगनला तेवढं पुरतं, बाकीच्या गोष्टी मी खाली भरपूर देतोय.

तीन: एकच ड्रॅगन निवडा, आधी वय मग रंग

सगळे रंगापासून सुरू करतात. मी म्हणतो वयापासून करा, कारण वय चुकलं की पार्टी, म्हणजे प्लेअरांच्या पात्रांची टोळी, मेली.

पहिल्या फजितीनंतर मी काय केलं, तर दुसऱ्या टोकाला गेलो. पाचव्या लेव्हलच्या पार्टीसमोर अडल्ट रेड आणला, म्हटलं आता बघू. अडल्ट रेड म्हणजे चॅलेंज रेटिंग (किती अवघड त्याचा आकडा) १७, हिट पॉइंट (किती मार सोसतो) २५६, आर्मर क्लास (त्याला लागणं किती कठीण) १९, आणि त्याचा फुत्कार म्हणजे साठ फुटांच्या शंकूत सहा बाजूंचे अठरा फासे, सरासरी ६३ डॅमेज. आता पाचव्या लेव्हलचा विझर्ड, म्हणजे जादूगार, घ्या, कॉन्स्टिट्यूशन (शरीराचा दणकटपणा) १४ असलेला, त्याचे हिट पॉइंट साधारण ३२. सेव्ह, म्हणजे बचावासाठी टाकलेला फासा, फसला तर तो खाली, आणि ६३ मधून ३२ गेले की उरतात ३१, अजून एक डॅमेज जास्त असता तर जागच्या जागी मेला असता, डेथ सेव्हची, म्हणजे मरता मरता वाचायला फासे टाकायची, भानगडही नाही. सेव्ह जमला तरी अर्धं डॅमेज ३१, म्हणजे बिचारा एका हिट पॉइंटवर उभा. हे सगळं पहिल्या टर्नला. मी ते सेशन मध्येच थांबवून "तुम्ही सगळे स्वप्नातून जागे होता" केलं, अजून त्यावरून टोमणे खातोय.

तर ढोबळ हिशोब असा. वर्मलिंग म्हणजे पाच वर्षांच्या आतलं पिल्लू, रेटिंग १ ते ४, ते नवख्या पार्टीला चालतं. यंग म्हणजे सहा ते शंभर वर्षांचा, रेटिंग ६ ते १०, आणि पहिला "खरा" ड्रॅगन म्हणून हाच घ्या, पार्टी पाचव्या ते सातव्या लेव्हलला असताना. अडल्ट १०१ ते ८०० वर्षांचा, रेटिंग १३ ते १७, हा कॅम्पेनचा, म्हणजे बरीच सेशनं चालणाऱ्या आख्ख्या गोष्टीचा, शेवट असू शकतो. आठशेच्या वरचा एन्शंट, रेटिंग २० ते २४, त्याच्याशी लढायचंच असं काही नाही, तो नकाशावर आहे एवढंच पुष्कळ असतं. एन्शंट रेडचे हिट पॉइंट ५४६ आहेत, आकडा बघूनच पाचावर धारण बसते.

आता रंग. पाच रंगीत ड्रॅगन म्हणजे क्रोमॅटिक, हे दुष्ट. पाच धातूंचे म्हणजे मेटॅलिक, हे भले, ही मूळ विभागणी. ती पाळायलाच पाहिजे असं नाही, चौथ्या एडिशननेच मेटॅलिकांचा भलेपणा बराच सैल केला होता. पण पहिल्या वेळेस पाळा, प्लेअरांना अपेक्षा असली की ती मोडायला मजा येते, अपेक्षाच नसेल तर मोडणार काय.

कुठला रंग कुठे राहतो आणि काय थुंकतो हे पाठ करायची गरज नाही, त्याचा स्वभाव काय हे बघा, कारण टेबलवर तोच येतो. पांढरा सगळ्यात अडाणी समजला जातो, बर्फात राहतो, आणि लोक त्याला सोपा म्हणून सोडून देतात, पण त्याची स्मरणशक्ती दांडगी असते, झालेला प्रत्येक अपमान लक्षात ठेवतो आणि मारलेल्या शत्रूंना बर्फात गोठवून शोभेला ठेवतो. नुसतं एवढं वाक्य घेतलं तरी आख्खं सेशन उभं राहतं की, पार्टी बर्फाच्या भिंतीजवळून चाललीये आणि आत कुणीतरी उभं आहे, त्याच्या हातात अजून तलवार आहे.

काळा पडक्या राज्यांच्या अवशेषांत, दलदलीत राहतो, शिकार पाण्यात बुडवून कुजू देतो मग खातो, खजिनाही बुडालेल्या साम्राज्यांचा जमवतो. हिरवा जंगलात, विषारी वाफ, पण त्याचं खरं हत्यार म्हणजे जीभ. त्याला सोन्यापेक्षा माणसं जमवायला आवडतात, ज्यांना त्याने वाकवलंय अशी. निळा वाळवंटातला, गर्विष्ठ, वीज फेकतो, वाळूत गाडून घेऊन तासन् तास वाट बघायची त्याची तयारी असते. आणि लाल म्हणजे आपल्या गोष्टींतला गुप्तधनावर बसलेला नाग, फक्त पंख फुटलेला आणि आग ओकणारा. आपल्या खजिन्यातली जवळजवळ प्रत्येक वस्तू कितीची आणि कुठून आली हे त्याला माहीत असतं, म्हणून त्याच्या ढिगातून एक नाणं उचललेलंही त्याला कळतं.

मेटॅलिक लोक टाळतात, "भला ड्रॅगन घेऊन काय करू" म्हणून. चूक आहे. पितळी ड्रॅगन तर कॉमेडीची खाण आहे, त्याला गप्पांचा भयंकर नाद, तुम्ही न बोलता निघून जायला लागलात तर झोपेचा फुत्कार सोडतो आणि तुम्ही जागे होता ते मानेपर्यंत वाळूत गाडलेले, आणि साहेब समोर बसलेत गप्पा मारायला. तांब्याचा विनोद आणि कोड्यांचा शौकीन. ब्राँझवाला समुद्रकिनारी जहाजं बघत बसतो. चांदीचा माणसाचं रूप घेऊन माणसांत राहतो, म्हणजे गावातली शिक्षिका किंवा म्हातारा ग्रंथपाल हाच ड्रॅगन असू शकतो. सोनेरी ड्रॅगनचं आवडतं खाणं मोती आणि रत्नं. पार्टीला त्याची मदत हवी असेल तर जेवायला काय नेणार ते त्यांनीच ठरवावं.

मला विचाराल तर पहिला ड्रॅगन यंग ग्रीन घ्या. रेटिंग ८, हिट पॉइंट १३६, आणि मुख्य म्हणजे तो बोलतो, त्यामुळे तुमच्याकडून लढाईत चूक झाली तरी त्याला बोलण्यातून पुढची संधी असते.

चार: सोर्सबुक कसं वाचायचं

आता पुस्तकांकडे या, सोर्सबुक म्हणजे गेमसाठी जादा माहिती देणारं पुस्तक. आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचू नका. एक कागद घ्या, त्यावर तीन प्रश्न लिहा: ह्याला काय हवंय? हा कशाला घाबरतो? हा इथे राहतो म्हणून आजूबाजूला काय बिघडलंय? मग पुस्तक उघडा आणि फक्त ह्या तीन प्रश्नांची उत्तरं शोधा. बाकी जे आवडलं ते दुसऱ्या कागदावर, पण तो कागद सेशनला आणायचा नाही. ही शिस्त मला स्वतःला अजून नीट जमत नाही.

पाचव्या एडिशनसाठी एकच पुस्तक घ्यायचं असेल तर फिझबन्स ट्रेझरी ऑफ ड्रॅगन्स, २०२१ चं. फिझबन म्हणजे ड्रॅगनलान्सच्या जगातला विसरभोळा म्हातारा जादूगार, जो खरं तर देवच आहे वेषांतर करून फिरणारा. यात प्रत्येक जातीच्या ड्रॅगनसाठी स्वभावाचे, ओळखीपाळखीचे, साहसांच्या कल्पनांचे तक्ते आहेत, अड्ड्याचे नकाशे आहेत, आणि दहा जुन्यांशिवाय रत्नड्रॅगन पण आहेत, ॲमेथिस्ट, क्रिस्टल, एमराल्ड, सफायर, टोपाझ. मला सगळ्यात उपयोगी वाटतं ते म्हणजे खजिन्यात पडून राहिलेल्या जादुई वस्तू ड्रॅगनच्या संगतीने हळूहळू ताकदवान होतात ही कल्पना, झोपलेली, चाळवलेली, जागी आणि मग पार वरची अशा पायऱ्या आहेत त्याला. म्हणजे प्लेअरच्या तलवारीची वाढ आणि ड्रॅगनचा खजिना एकमेकांना बांधले गेले, आता फायटरला ड्रॅगनकडे जायचं कारण मिळालं. लोर असं हवं.

जुन्यांपैकी ड्रॅकोनोमिकॉन हे नाव सारखं ऐकाल, आणि इथे नवीन माणूस हमखास फसतो कारण त्या नावाची पुस्तकं चार आहेत. १९९० चं दुसऱ्या एडिशनचं, फरगॉटन रेल्म्स या डीअँडडीतल्या जगासाठी. २००३ चं तिसऱ्या एडिशनचं. आणि चौथीसाठी दोन, क्रोमॅटिकवर २००८ मध्ये आणि मेटॅलिकवर २००९ मध्ये. लोक प्रेमाने "ड्रॅकोनोमिकॉन" म्हणतात तेव्हा बहुतेक २००३ चं म्हणत असतात, अँडी कॉलिन्स, स्किप विल्यम्स आणि जेम्स वायट यांचं. त्यात ड्रॅगनच्या शरीराची अक्षरशः चिरफाड आहे, हाडं, पंखांचे स्नायू, हृदयाला जोडलेला एक खास अवयव ज्यातून त्याची शक्ती येते, अंडी कशी, उडतात कसे, विचार कसा करतात. त्यातले आकडे पाचवीत चालणार नाहीत, पण वर्णनं चालतात, आणि वर्णनं फार भारी आहेत. ड्रॅगनच्या प्रेताचं काय करायचं हा प्रश्न प्लेअर विचारणारच, तेव्हा ते शरीरशास्त्राचं प्रकरण कामाला येतं.

अजून एक नाव घेतो, १९९४ चं काउन्सिल ऑफ वर्म्स, डब्यात आलेला सेट, त्यात प्लेअर स्वतःच ड्रॅगन होऊन खेळतात. नवीन लोकांनी लगेच खेळावा असं मी म्हणणार नाही, पण ड्रॅगनच्या नजरेतून माणसं कशी दिसतात हे कळायला वाचून बघा.

आणि हो, गेमच्या बाहेरचं जुनं साहित्य विसरू नका, ते कुठल्याही सोर्सबुकाइतकंच उपयोगी आहे. बियोवुल्फमधला ड्रॅगन जागा होतो तो कुणीतरी त्याच्या खजिन्यातला एक पेला चोरला म्हणून, आणि जाळला जातो आख्खा मुलूख. नॉर्स गोष्टींतला फाफनिर जन्माने ड्रॅगन नव्हताच, सोन्याच्या हावेपायी झाला, आणि सिगर्डने त्याला मारला तो खड्डा खणून, खालून पोटात तलवार खुपसून. ऋग्वेदातला वृत्र पाणी अडवून बसतो आणि इंद्र त्याला मारतो तेव्हा नद्या सुटतात. बघा, तीन ओळींत तीन साहसं झाली: चोरी कुणी केली, हा आधी कोण होता, आणि पाणी कुणी अडवलंय. स्टॅट ब्लॉक सगळ्यांना तोच लावा हवा तर.

पाच: ड्रॅगन दिसायच्या आधी त्याच्या खुणा दिसू द्या

ही पायरी मी सगळ्यात जास्त वेळ घेऊन करतो. माझ्या त्या अकरा पानांचं चुकलं ते इथे, प्लेअरांना दार उघडेपर्यंत काही दिसलंच नव्हतं.

२०१४ च्या नियमांत मोठ्या ड्रॅगनच्या अड्ड्याभोवती प्रदेशावर होणारे परिणाम दिलेत, रीजनल इफेक्ट म्हणून. काळ्याच्या अड्ड्यापासून मैलभरातलं पाणी नासतं, सहा मैलांच्या टापूत चालायला दुप्पट वेळ लागतो. हिरव्याच्या मैलभरात उंदीर आणि पक्षी त्याचे डोळे-कान असतात. लालच्या सहा मैलांत छोटे भूकंप, आणि मैलभरातलं पाणी कोमट आणि गंधकाच्या वासाचं. पांढऱ्याभोवती गार धुकं, निळ्याभोवती गडगडाट. नियमाप्रमाणे हे अडल्ट आणि एन्शंटलाच असतात, पण तुमच्या यंग ड्रॅगनला ह्याचा सौम्य अवतार दिलात तर काही बिघडत नाही.

आता हे प्लेअरांना वाचून दाखवू नका. त्यांच्यावर येऊ द्या. आपला यंग ग्रीन घ्या: पहिल्या सेशनला जंगलाच्या कडेला हरणं नाहीत एवढंच. शिकारी कंटाळून घरी बसलाय. दुसऱ्या वेळी पार्टीने मुक्काम केला, आपापसात काहीतरी गुपित बोलले, आणि फांदीवर एक कावळा जरा जास्तच वेळ बसलाय. तिसऱ्या वेळी गावचा पाटील त्यांना भेटतो आणि बोलता बोलता तेच गुपित त्याच्या तोंडून निघतं, त्याला ते कुठून कळलं? बस. माझ्या एका टेबलवर एवढ्या कावळ्यावरून रॉगने, म्हणजे चोरट्या पात्राच्या प्लेअरने, पुढची चार सेशन कुजबुजत बोलायचा नियम केला होता, आणि तोवर ड्रॅगन हा शब्द मी एकदाही उच्चारला नव्हता.

प्रत्येक खुणेत एक उपयोगी माहिती दडवा. जळलेली झाडं एका रेषेत असतील तर फुत्कार रेषेत आहे, म्हणजे पसरून उभं राहून भागतं. पंख्यासारखी पसरलेली असतील तर शंकू आहे. गोठलेलं प्रेत दिसलं तर थंडीपासून बचावाची जादू तयार ठेवायची. जो प्लेअर लक्ष देतो त्याला बक्षीस मिळायला पाहिजे, नाहीतर पुढच्या वेळेस कुणी लक्ष देणार नाही.

सहा: बोलू द्या त्याला

थोडक्यात सांगतो. ड्रॅगन शेकडो वर्षं जगतो, त्याला घाई नसते, आणि त्याला स्वतःबद्दल ऐकायला आवडतं. लढाईआधी निदान एकदा तरी त्याने पार्टीशी बोलावं, आणि त्याने काहीतरी मागावं, अशी गोष्ट जी एखाद्या प्लेअरला द्यावीशी वाटेल. हिरवा सोनं मागणार नाही, तो पार्टीतल्या एकाबद्दल दुसऱ्याकडे चौकशी करेल. जुन्या नियमांत तर ड्रॅगन झोपलेला सापडायची आणि त्याला चोपून शरण आणायची रीतसर सोय होती, मारामारी म्हणजे मरेपर्यंत असं सुरुवातीपासून नव्हतंच. आवाज काढता येत नसेल तर काढू नका, हळू बोला, पुरे.

सात: लढाई

ड्रॅगनला उडता येतं. हे वाक्य मोठ्या अक्षरात लिहून डीएम स्क्रीनच्या आतून चिकटवा. यंग आणि अडल्ट दोघांचाही उडायचा वेग एका टर्नला ऐंशी फूट, आणि तो जमिनीवर उभा राहून फायटरशी हाणामारी करत असेल तर तो ड्रॅगन नाही, मोठी पाल आहे. यावा, फुत्कार सोडावा, निघून जावा. फुत्कार परत भरतो तो सहा बाजूंच्या फाशावर ५ किंवा ६ पडला तर, म्हणजे तीनातून एकदा, तोपर्यंत तो वर घिरट्या घालू शकतो, झाडामागे जाऊ शकतो. पण मग बार्बेरियनचं काय, तो नुसता खाली उभा राहून आभाळाकडे बघणार? म्हणून जागा अशी निवडा की वर चढता येईल, मनोरा, कडा, झाडांची दाटी, जिथे ड्रॅगनला मधूनमधून खाली यावंच लागेल. नाहीतर खेळ चुरशीचा होत नाही, नुसता छळ होतो.

अडल्ट आणि वरच्यांना लेजंडरी ॲक्शन असतात, म्हणजे दुसऱ्यांच्या टर्ननंतर शेपटीचा फटका वगैरे, आणि फसलेला सेव्ह दिवसातून तीनदा जमलेला करून घ्यायची मुभा. अड्ड्यात असेल तर इनिशिएटिव्ह २० ला, म्हणजे टर्नच्या क्रमात २० आकड्यावर, अड्डाच काहीतरी करतो, छत कोसळतं, चिखल पाय धरतो. नवीन २०२५ च्या मॅन्युअलमध्ये हे वेगळे लेअर ॲक्शन उरले नाहीत, त्याऐवजी अड्ड्यात असताना ड्रॅगनची ती सेव्हची मुभा एकाने वाढते. नवख्या डीएमला खरं तर हे बरं, एक गोष्ट कमी लक्षात ठेवायची. मला मात्र छत कोसळलेलं आवडायचं, मी अजून कोसळवतो.

शेवटचं म्हणजे पळायचं कधी ते आधीच लिहून ठेवा. २०१४ च्या स्टार्टर सेटमधल्या साहसात एक यंग ग्रीन आहे, पडक्या गावातल्या मनोऱ्यात बसलेला, तो अर्धे हिट पॉइंट गेले की उडून जातो. शहाणा आहे. शेकडो वर्षांचं आयुष्य समोर असलेला प्राणी चार भुरट्या साहसवीरांसाठी कशाला धारातीर्थी पडेल? आणि पळालेला ड्रॅगन म्हणजे पुढच्या दहा सेशनची तरतूद. प्लेअर चिडतील. चिडू द्या, तो परत येईपर्यंत ते त्याच्याबद्दलच बोलत राहतील आणि ह्यावेळी नाव कुणी विसरणार नाही.

आठ: दुसऱ्या गेमचं काय

तुम्ही डीअँडडी खेळत नसाल तर वरचं रंगांचं प्रकरण सोडून बाकी सगळं चालतं. पाथफाइंडरने २०२३ पासूनच्या रिमास्टरमध्ये, म्हणजे सुधारलेल्या पुस्तकांत, रंग आणि धातूंचे ड्रॅगन बाजूला ठेवले आणि जादूच्या चार परंपरांवर आधारलेले नवे ड्रॅगन आणले, तेव्हा जुनं आणि नवं पुस्तक एकत्र वापरताना जरा बघून. रुनक्वेस्टच्या ग्लोरांथा जगात खरे ड्रॅगन डोंगराएवढे असतात, त्यांच्याशी लढायचा प्रश्नच येत नाही, तुम्हाला भेटतात ते ड्रॅगन्यूट, मेले की पुन्हा अंड्यातून जन्मणारे. आणि शॅडोरनमध्ये ड्रॅगन कंपन्या चालवतात, एक तर, डंकलझान नावाचा, निवडणूक जिंकून २०५७ साली राष्ट्राध्यक्ष झाला आणि शपथविधीच्या रात्रीच मारला गेला. त्याचं मृत्युपत्र १९९६ मध्ये एका सोर्सबुकात छापलं, ह्याला हे द्या, त्याला ते द्या, अमुक करणाऱ्याला तमुक बक्षीस, आणि त्यातलं जवळपास प्रत्येक कलम म्हणजे एक साहस. लोर टेबलवर घडवायचं म्हणजे काय ते कुणाला दाखवायचं असेल तर मी हेच दाखवतो, ड्रॅगन मेलाय आणि तरी सगळे त्याच्याच मागे.

नऊ: खजिना

ड्रॅगन मेला किंवा पळाला की सगळे वाकून नाणी मोजायला लागतात आणि डीएम दमून "दहा हजार सोन्याची नाणी" म्हणून मोकळा होतो. असं करू नका. खजिना हे ड्रॅगनचं चरित्र आहे, पुस्तकात शोधलेल्या त्या तीन प्रश्नांची उत्तरं इथे पडलेली दिसली पाहिजेत. काळ्याच्या ढिगात बुडालेल्या राज्याचा मुकुट, पांढऱ्याकडे बर्फात अडकलेली ढाल जिच्यावर कुणाचं तरी घराणं कोरलंय. हिरव्याच्या अड्ड्यात तर जिवंत माणूस सापडू दे, ज्याला सुटायचंच नाहीये. पाच-सहा नीट वस्तू पुरतात, बाकी नाणी.

आणि नाण्यांना वजन असतं. पाचव्या एडिशनमध्ये पन्नास नाण्यांचा एक पाउंड, म्हणजे दहा हजारांचे दोनशे पाउंड झाले, आणि स्ट्रेंग्थ (ताकद) १० असलेला माणूस जास्तीत जास्त दीडशे पाउंड वाहून नेऊ शकतो. तेव्हा गाढव कुठून आणायचं, अर्धं इथेच ठेवून परत यायचं का, परत येईपर्यंत पहाऱ्याला कोण थांबणार, आणि पळालेला ड्रॅगन तोवर किती लांब गेला असेल, हे त्यांना आपापसात ठरवू द्या. तुम्ही तोवर चहा घ्या, पुढचं सेशन तेच लिहितायत.